चिंचेने धुतलेला घोडेस्वार

घोडा फक्त पुढच्या दोन खुरांवर उभा होता. मागचे पाय आभाळाकडे फेकलेले, पाठ कमानीसारखी, मान खाली पायांत खुपसलेली. तरी तो पडत नव्हता. एका बाजूला मान, दुसऱ्या बाजूला मागचे पाय आणि मागे रेललेला स्वार, असा सगळा भार त्या दोन खुरांच्या बरोबर मध्ये उतरत होता. स्वाराचा एक हात लगामावर होता. दुसरा हवेत, उघड्या पंजाचा, कशालाच न धरलेला. दुष्काळ सरला त्या वर्षी टॉवेलांचे मोठे खरेदीदार डेंटन साहेबांनी ही ब्राँझची मूर्ती अमेरिकेहून आणून रुद्राणीच्या भावाला, अण्णाला, भेट दिली. रुद्राणीने तो तोल तेव्हाच निरखून ठेवला होता.

आज मात्र तिचं लक्ष रंगाकडे गेलं. काल रात्रीपर्यंत घोडा गडद तपकिरी होता. आता तो नव्या पितळेसारखा पिवळा लखलखत होता.

"म्हाळसाबाई, हे काय केलंत?"

"चिंच लावली की." म्हाळसाबाई हात पुसत पुढे आली. या घरात भांडी घासता घासता तिचे केस पिकले होते. "आज चंपाषष्ठी. समदं देव घासलं, म्हटलं ह्योच कशापायी काळा ऱ्हावा? लई मळला हुता बगा. राखंनं बी निघंना, मग चिंच."

"तो मळ नव्हता. रंग होता."

"देवाला कोन मळकट रंग देतंय?"

"हा देव नाही, म्हाळसाबाई. तिकडचा गुराखी आहे. बिथरलेल्या घोड्यावर बसतो."

म्हाळसाबाई पदर तोंडाला लावून हसली. "मला शिकवू नगा, ताई. घोड्यावर बसलाय, हात वर करून भंडारा उधळतोय. माजं नाव म्हाळसा हाय. माजाच नवरा मला वळखू येना व्हय?"

"आणि डोक्यावरची टोपी?"

"लांबनं आलाय. ऊन लागत असंल."

देवघरातून रुद्राणीच्या आईचा, काशम्माचा, आवाज आला, "बरोबर बोलतीय ती. मैलारलिंगच हाय त्यो, तुमचा खंडोबा. मी पयल्या दिवशीच वळखला." काशम्माने साहेबाच्या देणगीला दिवाणखान्यातल्या कपाटात राहू दिलं होतं ते एवढ्याच अटीवर, की दर चंपाषष्ठीला तिचा नैवेद्य तिथेही जाईल.

इतक्यात अण्णा, म्हणजे वीरभद्रप्पा, दाढी अर्धी करून बाहेर आला. त्याने मूर्ती पाहिली आणि गालावरचा साबण विसरला.

"अव्वा! कुणी केलं हे?"

"उजाळलाय. चांगला दिसतोय," आई आतूनच म्हणाली.

"साहेब आज रात्री जेवायला येतोय! तीन वर्षांच्या ऑर्डरीवर सही करायला येतोय, आणि त्याचीच भेट आपण भांड्यासारखी घासून ठेवली?" मग तो बहिणीकडे वळला. अडलेलं वाक्य पुरं करायला तो नेहमीच तिच्याकडे बघायचा. "रुद्रा, काहीतरी कर. तुझ्याकडे औषधं असतात."

"सोडियम सल्फाइड आणावं लागेल रंगखात्यातून. त्याने धातू काळवंडतो."

"आण. पण साहेबाला कळता कामा नये."

रुद्राणीने त्याला हो म्हटलं नाही. तिने फक्त पायांत चपला घातल्या.

अक्कलकोट रोडला त्यांच्या टॉवेलांच्या कारखान्यात मागच्या बाजूला रंगखातं होतं. बी.एस्सी. झाल्यावर "दोन महिने बघ जरा" म्हणून अण्णाने तिला तिथे नेलं होतं. त्यानंतर कारखान्यातून बाहेर गेलेल्या प्रत्येक टॉवेलाचा रंग तिने ठरवला होता. डेंटन साहेबांना हवा असलेला तपकिरी, जो धुतल्यावर लाल पडत नसे, तोही तिचाच. संक्रांतीला वहिनीचा भाऊ हुबळीहून यायचा होता. त्याच्याकडे वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा होता. रंगखातं त्याला मिळणार होतं आणि त्याला काम शिकवायचं होतं रुद्राणीने. अण्णाने हे तिला विचारलं नव्हतं. जेवताना सांगितलं होतं.

ती डबा घेऊन बाहेर पडत होती, तर शेजारच्या शेडच्या दाराशी गुरप्पा उभे होते. त्यांनी माग विकले होते आणि ते आता कुर्डुवाडीला मुलाकडे राहायला निघाले होते. रिकामी शेड, पाण्याची टाकी आणि चांगली विहीर मागे राहणार होती. रंगकाम करणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. शेड घेता का, असं दसऱ्याला त्यांनी आपणहून तिला विचारलं होतं.

"काय ठरलं, बाई?"

"संध्याकाळी सांगते, काका."

"दसऱ्यापासनं तुमची संध्याकाळच चाललीय की." गुरप्पा हसले, पण लगेच गंभीर झाले. "माळशिरसचा एक जण उद्या सकाळी बघायला येतोय. मी तुमच्यासाठी थांबलो, कारण तुमी विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं आन् तपासून आणलं. दुसऱ्या कुणी पाण्याला हात सुदिक लावला न्हाय. पन आता मला बी गाठोडं बांधायचं हाय."

"आज नक्की."

"घरात बोललाय का?"

ती बोलली नव्हती. हो म्हणायचं हे तिने पाणी तपासलं त्याच दिवशी ठरवलं होतं. त्यात शंका नव्हती. पण घरात विषय काढला की अण्णा कुठल्यातरी ऑर्डरीचा विषय काढायचा, आणि त्या ऑर्डरीचा रंग तिलाच करायचा असायचा.

घरी येऊन परसात तिने मूर्ती धुण्याच्या सोड्याने स्वच्छ केली, कोमट पाण्यात सल्फाइड अगदी पातळ केलं आणि जुन्या ब्रशने लावायला सुरुवात केली. घाई केली तर काळे डाग पडतात, हे तिला माहीत होतं. एक हात, मग पाणी, मग पुन्हा एक हात. पिवळा आधी सोनेरी झाला, मग मधासारखा, मग चहासारखा.

काशम्मा नाकाला पदर लावून मागच्या दारात आली. "अय्यो, कसला वास ह्यो?"

"अंडी कुजल्यावानी येतोय," म्हाळसाबाई म्हणाली.

"माज्या घरात अंड्याचं नाव काढू नगंस! आन् रुद्रा, उजाळलेला देव परत मळवतीस व्हय?"

"अव्वा, भंडाऱ्याची वाटी दे जरा."

काशम्माने वाटी दिली. रुद्राणीने मूर्ती भरपूर पाण्याने धुतली आणि चिमूटभर भंडारा घोड्याच्या ओल्या पाठीवर टेकवला. हळद लाल झाली.

"बघितलं का!" काशम्माने हात जोडले. "कुंकू झालं! कौल दिला त्यानं."

क्षार लागला की हळद लाल होते; रुद्राणीला यातून कळलं ते एवढंच, की औषध अजून पुरतं निघालेलं नाही. तिने पुन्हा धुतलं, पुन्हा हळद लावली. या वेळी ती पिवळीच राहिली. मग खांद्याला लावली, टोपीला, घोड्याच्या मानेला. प्रत्येक ठिकाणी पिवळी. पोरगी शेवटी मनापासून देवाला भंडारा वाहते आहे, हे पाहून काशम्माचे डोळे भरून आले. रुद्राणीने तिला काही समजावलं नाही. दोघींनाही हवं ते मिळालं होतं. शेवटी तिने हळद पुसून मूर्तीवर मेण चोळलं. काशम्माने मात्र उरलेला भंडारा स्वाराच्या उघड्या पंजात दाबून भरला, आणि तो रुद्राणीने राहू दिला.

डेंटन साहेब दिवेलागणीला आले. उंच, तांबूस, बोलायला हळू. पाटावर बसताना त्यांचे गुडघे छातीशी आले. काशम्माने आधी कपाटापुढे वांग्याचं भरीत आणि रोडगा ठेवला, मगच पाहुण्याचं ताट वाढलं. आपल्या घोडेस्वाराला आपल्याआधी जेवण मिळालेलं पाहून साहेब मोठ्याने हसले, उठले आणि कपाटाशी गेले. त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी उचलून दिव्याखाली धरली.

त्यांचं हसू थांबलं.

"हा रंग वेगळा आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

"नाही, नाही," वीरभद्रप्पा घाईने म्हणाला. "तोच आहे, साहेब. काचेत असतो. कोणी हात लावत नाही."

"वीरभद्रा, तुला देण्याआधी हा कित्येक वर्षं माझ्या टेबलावर होता. याच्या पाठीवर हिरवट झाक होती." त्यांनी स्वाराच्या पंजाला बोट लावलं आणि पिवळं झालेलं बोट पाहिलं.

अण्णाने बहिणीकडे पाहिलं. वाक्य तिने पुरं करायचं होतं.

"आज सकाळी तो चिंचेने धुतला गेला," रुद्राणी इंग्रजीत म्हणाली, फक्त चिंच तेवढी मराठीत. "आमच्याकडे सणाला देव घासतात. जुना रंग गेला, तो परत येणार नाही. हा मी दुपारी दिला आहे."

"चिंच म्हणजे काय?"

काशम्माला इंग्रजी येत नव्हतं, पण चिंच कळली. तिने लगेच आंबट चटणीची वाटी साहेबांच्या ताटात सरकवली. साहेबांनी चाखली, एक डोळा मिटला, आणि पुन्हा मूर्ती दिव्याखाली फिरवली. पोटाखाली, खोगिराच्या कडेला, बोटांच्या मध्ये.

"डाग कुठेच नाही," शेवटी ते म्हणाले. "टॉवेलांचा तपकिरी कोण करतं?"

"मीच."

"वीरभद्रा म्हणाला होता, त्याचा रंगमास्तर आहे."

"तो मीच."

"घरचीच माणसं, साहेब," वीरभद्रप्पा हसला. "काळजी नको. संक्रांतीनंतर माझा मेहुणा रंगखातं बघणार. डिप्लोमावाला आहे. ही शिकवील त्याला."

साहेबांनी मूर्ती खाली ठेवली. घोडा दोन खुरांवर थोडा हलला आणि स्थिर झाला.

"आणि मग तुम्ही काय करणार?" त्यांनी रुद्राणीला विचारलं.

प्रश्न साधा होता. या घरात तो आजवर कोणी विचारला नव्हता. म्हाळसाबाई स्वयंपाकघराच्या दारात तवा हातात धरून थांबली. काशम्माला शब्द कळले नाहीत, पण सगळे लेकीकडे पाहताहेत एवढं कळलं. तिनेही पाहिलं.

उत्तर इंग्रजीत द्यायचं नाही, असं रुद्राणीने ठरवलं. तिने हातातली वाढायची पळी खाली ठेवली आणि ती भावाकडे वळली.

"अण्णा, गुरप्पाकाकांची शेड मी घेतेय. तुझा माल मीच रंगवीन. पण तिथं, माझ्या नावाच्या पाटीखाली."