ठिपका अजून मधोमध

माशांची पिल्लं काढायच्या त्या हॅचरीत शेवटचा शब्द दादाचा असायचा, पण इंजेक्शनची सुई मात्र धाकटीच्या हातात. माशाच्या कल्ल्यामागच्या पराच्या बुडाशी ती कशी सरकवायची हे आत्यानं तिला शिकवलं होतं. आत्या गेल्याला बावीस वर्षं झाली, तेवढ्या काळात ते काम दुसऱ्या कोणी मागितलं नव्हतं. दादाला तर ओल्या माशाला हात लावायचीच शिसारी. तो ऑफिसात बसून हॅचरी चालवायचा.

त्या दिवशी चार वाजता मत्स्य खात्याचे पाहुणे येणार होते. मादी अंडी सोडते कशी, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. दादानं त्यासाठी निवडलं बाईसाहेबांना. नऊ वर्षांची मादी, वजन अकरा किलो, स्वभाव तिरसट. पोट केवढं फुगलेलं! महिनाभर खुराक चारून दादानंच ते फुगवलं होतं आणि आता तोच त्या पोटाला भुलला होता.

सकाळी साडेपाचला धाकटीनं बारीक नळीनं चार अंडी काढली आणि भिंगाखाली धरली. तयार अंड्यातला ठिपका कडेला सरकलेला असतो. इथे चारही ठिपके मधोमध ठाण मांडून बसले होते.

“दादा, ही तयार नाही. पोटात चरबीच जास्त आहे. पंधरा दिवस थांब.”

“मग इंजेक्शन कशाला असतं? तयार करायलाच ना?”

“नाही रे बाबा! अंडी पिकली की मेंदूखालची ग्रंथी रक्तातून निरोप धाडते, की आता सोड. सुईत तेवढा निरोपच असतो. स्वयंपाकच झाला नसेल तर ‘वाढा, वाढा’ म्हणून ओरडून काय उपयोग? अंडी आत अडकतील आणि ही मरेल.”

“आणि पाहुण्यांना काय सांगू, मासळीचा मूड नाही म्हणून? दोन्ही डोस द्यायचे. मी इथे उभा आहे.”

तो खरंच उभा राहिला, नाकाला रुमाल लावून. औषध ज्या मिठाच्या पाण्यात कालवतात, ते पाणी धाकटीनं नुसतंच सुईत भरलं आणि टोचलं. सहाला एकदा, अकराला पुन्हा एकदा. दादाला कळायचा प्रश्नच नव्हता. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. वाटली ती लाज. आपलं खरं असून चोरासारखं वागावं लागतं, याचा तिला दिवसभर संताप येत राहिला.

चार वाजले, पाच वाजले. टाकीत सोडलेले दोन नर बिचारे मागे मागे फिरून दमले, पण बाईसाहेब टाकीच्या तळाशी ढिम्म. वहिनीनं दुसऱ्यांदा चहा आणला. मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, तसं दादाचं तोंड उतरलं. मग तो उगाच हसला.

“जाऊ द्या साहेब, मादीच वांझ निघाली. उद्या बाजारात पाठवून टाकतो.”

वांझ. याच घरानं हा शब्द आत्याला चिकटवला होता. तिच्या हातून लाखो पिल्लं निघाली, तो शब्द काही निघाला नाही. आत्या बिचारी ऐकून घ्यायची. धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली.

“वांझ नाही ती,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मी तिला औषध दिलेलंच नाही. दोन्ही वेळा नुसतं मिठाचं पाणी टोचलं.”

वहिनी कप उचलता उचलता थांबली.

“का बरं?” साहेबांनी विचारलं.

“तिची अंडी कच्ची आहेत म्हणून. सकाळीच सांगितलं होतं मी दादाला. औषध दिलं असतं तर या चहाबरोबर तुम्हाला तिचं मरण बघावं लागलं असतं.”

दादा लालबुंद झाला. “असं काय? मग मीच देतो!” तो तरातरा आत गेला आणि औषधाची बाटली आणि सुई घेऊन आला. साहेब “राहू द्या हो” म्हणत होते, पण आता त्याच्या नाकाचा प्रश्न होता. बाह्या सरसावून तो टाकीवर वाकला आणि तसाच थांबला. बाईसाहेबांनी शेपटी आपटून त्याच्या शर्टावर पाणी उडवलं.

“कुठे टोचायचं गं?” त्यानं धाकटीला विचारलं.

एक साहेब खोकले. धाकटीनं हात पुढे केला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं दादानं बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती मोरीत उपडी केली. थेंबसुद्धा ठेवला नाही.

“चालती हो!” दादा किंचाळला. “उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही!”

“टाकणार. रोज टाकणार. आत्यानं ऐकून घेतलं, मी नाही घेणार. दार बंद केलंस तर दारातच बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन आत काय चालतं ते. तू तोवर नवी बाटली मागवून ठेव. तिची अंडी पिकली की सुई मीच देणार. आणि तिला धरायला टाकीत तू उतरणार.”