धनाजीरावांचा सावकाश फटका

“हलू नका!” श्रीपतराव ओरडले, आणि धनाजीराव हलले नाहीत.

गोल्फची काठी खांद्यामागे गेलेली, डावा गुडघा आत वळलेला, कंबर पिळलेली, आणि तशा पिळल्या अवस्थेत निवृत्त रिसालदार धनाजीराव घोरपडे राजवाड्याच्या मैदानावर पुतळ्यासारखे उभे. श्रीपतरावांच्या हातातला सिनेमाचा कॅमेरा घरघरत होता. चेंडू गवतात वाट बघत होता. एक कावळा धनाजीरावांच्या काठीवर बसायला जागा आहे का हे पाहून गेला, असं तात्यासाहेब पुढे सगळ्या बडोद्याला सांगत सुटले. कावळा आला होता हे खरं. का आला होता ते कावळ्यालाच ठाऊक.

“अहो, मारा की!” तात्यासाहेब म्हणाले.

“श्रीपत हलू नका म्हणाला ना!” धनाजीराव ओठ न हलवता म्हणाले.

“मी? मी म्हणालो?”

“लो, करो वात! घ्या, आता काय बोलायचं!” तात्यासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. “फटक्याचा सिनेमा काढायला आणलं, तर या गृहस्थानं पुतळ्याचा काढला!”

एवढ्यात कॅमेऱ्याची चावी उतरली आणि घरघर थांबली. मग कुठं धनाजीरावांनी कंबर सोडली आणि ‘आई गं’ म्हटलं.

यात दोष द्यायचा कुणाला? मांडवीजवळच्या माडीवर श्रीपतराव उभ्या जन्मात एकच धंदा करत आले होते. काळ्या कापडात डोकं घालायचं, समोरच्याला ‘हलू नका’ म्हणायचं आणि भिंगाचं झाकण काढायचं. नवरदेव, वकील, बारशाची बाळं, पहिलवान, सगळ्यांना त्यांनी खिळवून ठेवलं होतं. त्या दोन शब्दांना अशी धार चढली होती की एकदा लहेरीपुरा दरवाजापाशी टांग्याचा घोडा बिथरला, श्रीपतराव सवयीनं ओरडले, तर घोडा जो थांबला तो तिन्हीसांजेपर्यंत. टांगेवाल्यानं म्हणे शेवटी पायी घर गाठलं. आणि धनाजीराव तर पलटणीतले. हुकूम आधी पाळायचा, विचार मागाहून, तोही सवड मिळाली तर. अशी दोन माणसं समोरासमोर आल्यावर दुसरं होणार काय?

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दिवाळीनंतर मैदानावर जोड्यांचा सामना असे, आणि त्यात तात्यासाहेब गुप्ते आणि धनाजीराव ही जोडी ठरलेली. तात्यासाहेब निवृत्त न्यायाधीश. फटका मारताना त्यांची मान अशी खाली की जणू गवतावर निकालपत्र लिहिलंय. आणि त्यांचं म्हणणं असं, की धनाजी ऐन वेळी मान वर करतो, म्हणून चेंडू नको तिकडे जातो आणि म्हणून आपली जोडी दरसाल हरते.

“साव खोटी वात! साफ खोटं!” धनाजीराव म्हणत. “माझी मान खाली असते. तुझं लक्ष भलतीकडे असतं.”

यंदा तात्यासाहेबांनी निकालच लावायचं ठरवलं होतं. सरकारी दवाखान्यात आनंदराव म्हणून नवे डॉक्टर आले होते. तरुण, सरळ फटक्याचे. मान वर होते असं सिद्ध झालं, तर सामन्याला जोडीदार डॉक्टर. नाही झालं, तर धनाजी. “पुराव्याशिवाय मी कुणाला शिक्षा केलेली नाही,” तात्यासाहेब म्हणाले, आणि त्यांनी मुंबईहून मागवलेला चावीचा घरगुती सिनेमा-कॅमेरा पुढे केला. त्याच्या एका चकतीवर वेगाचे आकडे होते. काटा शेवटच्या आकड्यावर नेला, की पडद्यावर माणूस पाण्यात चालल्यासारखा सावकाश दिसे. तो चालवायला तात्यासाहेबांना येत नव्हतं, म्हणून श्रीपतराव.

आदल्या संध्याकाळी धनाजीराव माडी चढून आले होते. खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

“श्रीपत, नीट काढशील ना?”

“काढीन की. एवढं काय मनाला लावून घेतोस? एक सामना तो.”

“सामन्याचं नाही रे.” धनाजीरावांनी मिशीला पीळ दिला आणि सोडला. “पागा सुटली, घोडा गेला. रोज उन्हं कलली की तात्या फाटकातनं हाक मारतो, ‘धनाजी, निघायचं का?’ तेवढंच राहिलंय बघ. उद्या डॉक्टरच्या फाटकात हाक मारायला लागला, तर मी काय, घरी बसून आमच्या कमळाबाईंबरोबर मटार सोलू?”

श्रीपतरावांनी त्यांच्यापुढे पानाचा डबा सरकवला. तालमीच्या मातीतली दोस्ती. तिच्यात बोलायला काही उरलेलं नसतं.

तर आता मैदानावर चावी पुन्हा भरायची होती. पण रीळ थोडंच शिल्लक होतं. सुरुवातीचं सगळं तात्यासाहेबांनी हात बसावा म्हणून आपल्या म्हशीवर घालवलं होतं.

“चित्र हळू यायचंय ना?” धनाजीरावांनी विचारलं. “मग मी हळू मारू का? तेवढीच यंत्राला मदत.”

“नको, नको!” श्रीपतराव म्हणाले. “तू रोजच्यासारखा मार. आत फिल्लम जितकी धावेल, तितकं बाहेर सावकाश दिसतं.”

“हे आमच्या कचेरीसारखंच आहे की!” तात्यासाहेब म्हणाले. “आत धावपळ, बाहेर काही हलत नाही.”

श्रीपतरावांनी या खेपेला ओठ दातांत धरले. काठी वर गेली, खाली आली, टप्प आवाज झाला, आणि चेंडू डावीकडच्या बाभळीत गेला. कुणाची मान कुठं होती हे कुणाच्याही डोळ्यांना दिसलं नाही. डोळ्यांना दिसलं असतं तर भांडण इतकी वर्षं टिकलं असतं होय?

रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि दिवाळीच्या तोंडावर परत आलं. ते आलं श्रीपतरावांच्या माडीवर.

माडीवरचं फोटो सुधारायचं टेबल म्हणजे बडोद्याचं खरं न्यायालय. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून श्रीपतरावांनी तिथं किती जणांना सुधारलं होतं! देवीचे वण पुसले होते, तिरळे डोळे सरळ केले होते, टक्कल झाकलं होतं. एका सरदारांचं नाक त्यांनी इतकं तरतरीत केलं, की घरच्यांना वाटलं फोटो व्याह्यांचाच आहे, आणि तो त्यांनी परत पाठवला. यात त्यांना कधी पाप वाटलं नाही. लोक फोटोत थोडे बरे दिसायला येतात, जसे आहेत तसे घरी असतातच.

त्यांनी रीळ खिडकीच्या उजेडात धरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. म्हैस. म्हैस. अजून म्हैस. मग पुतळा. मग फटका. नखाएवढ्या चौकटींतून काठी तसूतसूनं खाली उतरत होती, आणि अजून ती चेंडूपासून हातभर दूर असतानाच धनाजीरावांची मान उचलायला लागली होती. शंकाच नाही. आंधळ्या न्यायाधीशानंही शिक्षा दिली असती.

श्रीपतरावांनी कात्री घेतली. दोन चौकटींच्या मधे एक काप, दुसरा काप, मधला तुकडा टोपलीत, टोकं चिकटवली की झालं. काठी वर, चेंडू गायब, मान खालच्या खाली. रीळ तुटलं होतं म्हणायचं. अहो, नाकं बदलली, तिथं मान म्हणजे काय!

कुठून कापायचं ते बघायला त्यांनी पुन्हा भिंग लावलं, या वेळी तोंडावर. आणि बघतच राहिले.

धनाजीरावांचे दात दिसत होते.

माडीच्या भिंतींवर शंभरांवर चेहरे टांगलेले होते आणि त्यातल्या एकाचाही दात दिसत नव्हता. हसलं की चेहरा हलतो, म्हणून हसायचं नाही, हा श्रीपतरावांचाच कायदा. धनाजीरावांचेही तिथं चार फोटो होते, चारीही लढाईवर निघाल्यासारखे. आणि इथं हा तोफेसारखा गडी मेळ्यातल्या पोरासारखं तोंड उघडून वर बघत होता. पुढच्या चौकटीत थोडं जास्त, त्याच्या पुढच्या चौकटीत आणखी.

श्रीपतरावांनी कात्री खाली ठेवली. मग उचलली. मग खणात टाकून खणाला कुलूप लावलं, आणि किल्ली तात्यासाहेबांच्या कॅमेऱ्याच्या पेटीत टाकून पेटी त्यांच्याकडे परत धाडली. स्वतःचा तेवढा भरवसा त्यांना नव्हता.

दुपारी धनाजीरावांच्या घरी दारं लावून अंधार केला होता. कमळाबाईंनी भिंतीवर धुवट धोतर ताणून बांधलं. श्रीपतराव सिनेमा दाखवायच्या यंत्रापाशी, तात्यासाहेब खुर्चीत. धनाजीराव उभेच, हात मागं बांधून, जसा कैदी निकालाला उभा राहतो.

आधी म्हैस आली. तिनं शेपटी हलवली आणि ती गेली. मग पुतळा आला.

“यंत्र बंद पडलं का?” कमळाबाईंनी विचारलं.

“नाही वहिनी, ते माझं ‘हलू नका’,” श्रीपतराव म्हणाले.

मग फटका आला. काठी पाण्यातल्यासारखी फिरत खाली आली, मान वर उठली, आणि त्या धोतरभर धनाजीराव हसले. सावकाश. आधी डोळ्यांच्या कडा, मग गाल, मग मिशी दोन्हीकडे पांगली आणि दात उजळले. चेंडू कधीच चौकटीबाहेर गेला होता. हसणं मात्र थांबेना.

“अगं बाई!” कमळाबाई म्हणाल्या. “हे असं हसतात? मला वाटलं, दाढाबिढा गेल्या असतील म्हणून तोंड मिटून असतात!”

रीळ संपलं. धोतर नुसतंच पांढरं झालं.

“मान वर आली,” तात्यासाहेब म्हणाले.

“आली,” धनाजीराव म्हणाले.

“काठी लागायच्या आधी.”

“बरीच आधी.”

“मग इतकी वर्षं नाही म्हणून का भांडलास?”

“मला ठाऊकच नव्हतं रे.” धनाजीराव धोतराकडे बघत होते. “चेंडू उडताना बघायची घाई होते. दुसरं काय!”

तात्यासाहेब उठले, टोपी घातली, चहा न घेता निघाले. दारात थांबून म्हणाले, “ठरलं ते ठरलं. सामन्याला डॉक्टर.”

“हो. ठरलंच होतं.”

ते गेल्यावर श्रीपतराव खाली मान घालून म्हणाले, “कापायला हवं होतं. कात्री घेतली होती मी हातात.”

“काय कापायला?” धनाजीराव तडकले. “वेडा आहेस का? लाव पुन्हा! म्हैस सोड, पुढचं लाव.”

त्या दुपारी धनाजीराव किती वेळा हसले याची गणती नाही, धोतरावर आणि धोतरासमोर. पण उन्हं कलली तसं त्यांचं लक्ष फाटकाकडे जात राहिलं. हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही नाही. कमळाबाईंनी मटार आणले, पण पुढ्यात ठेवले नाहीत.

सामन्याच्या दिवशी श्रीपतराव माडीला कुलूप लावून धनाजीरावांकडे गेले, तर गडी केशरी फेटा बांधून तयार.

“खेळायचं नाही, मग हा थाट कशाला?”

“बघायला जायचंय. बघायला बंदी आहे होय?”

मैदानावर थंड, स्वच्छ ऊन होतं. डॉक्टर आनंदरावांनी सरळ फटका मारला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तात्यासाहेब आले. त्यांनी पाय रोवले, मान खाली घातली आणि मारला. इतका सुरेख आवाज त्यांच्या काठीतून कधी निघाला नव्हता. मान खालीच. मनातल्या मनात काहीतरी मोजून मगच त्यांनी ती वर केली. वर नुसतं आभाळ होतं.

“छान लागला, तात्यासाहेब!” डॉक्टर म्हणाले. “उन्हात मला काही दिसला नाही, पण पुढं सापडेल.”

तात्यासाहेब तिथंच उभे राहिले. मग बघ्यांच्या गर्दीतून त्यांनी केशरी फेटा हुडकला.

“धनाजी, गेला कुठं?”

धनाजीराव पुढे आले. हात वर करून बोटानं हवेत रेघ ओढत म्हणाले, “या इथनं निघाला. त्या निंबाच्या शेंड्यापर्यंत खालनं गेला, आणि मग जो वर चढला, जो चढला, तात्या, घारीच्या पण वर! सूर्यात शिरला. वाटलं, गेला. तर पलीकडनं चमकत बाहेर आला, वर जरा थांबला, आणि अलगद उतरला, तळ्याच्या अलीकडे.”

डॉक्टर पुढे चालू लागले होते. पोरं चेंडूच्या दिशेनं पळत सुटली होती. तात्यासाहेब काठीवर भार देऊन उभे होते आणि आभाळात, धनाजीरावांनी रेघ ओढली होती तिथं, डोळे बारीक करून बघत होते.

“थांबला म्हणालास,” ते म्हणाले. “कुठं थांबला, ते जरा पुन्हा सांग.”