दुसऱ्या पाळीचा मिक्सर

भांडी घासायच्या साबणाचा मिक्सर चालवायला मिळावा म्हणून माझ्या नणंदेने अख्खा कारखाना अंगावर घेतला होता. बाईमाणसाला मालाची पोती झेपणार नाहीत म्हणणाऱ्या सगळ्यांना ती पुरून उरली आणि पॅकिंगमधून थेट दुसऱ्या पाळीच्या मिक्सरवर गेली. मग मिक्सरनेच दगा दिला. हिने पाळीच्या सुरुवातीला बटण दाबलं की मोटर घूं करायची आणि बसायची. ड्राइव्हवर लाल दिवा, करंट जास्त. सकाळच्या पाळीत मात्र तोच मिक्सर गुणी बाळ.

कारखान्यातल्या सगळ्या मोटरी माझ्या गळ्यात, म्हणून साहेबांनी मला बोलावलं. "आज पुन्हा ट्रिप झाला तर बाईंना परत पॅकिंगला पाठवतो." 'बाईंना' हा शब्द इतक्या आदराने म्हणाले, की माझं डोकंच फिरलं.

ड्राइव्ह म्हणजे मोटरला बेताबेताने वेगावर नेणारी पेटी. मोटर झेपेल त्याहून जास्त वीज ओढायला लागली की ती सरळ हात वर करते. मी केबल तपासली, मोटरचं इन्सुलेशन मोजलं, सगळं ठणठणीत. मिक्सरपासून सोडवून मोटर एकटीच चालवली, तर भिंगरीसारखी फिरली. वेग घ्यायला जास्त वेळ देऊन पाहिला, तरी दुसऱ्या पाळीत पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे दुखणं मिक्सरच्या पोटात होतं.

आदल्या दिवशी घरी कणीक मळता मळता मी नणंदेला विचारलं होतं, "सुरू करताना मिक्सर रिकामा असतो ना गं?"

"रिकामाच असतो, वहिनी. चालू झाल्यावर मी माल टाकते, तेव्हा बसतो."

पण ड्राइव्ह दाखवत होता, मोटर वेग घेतानाच अडते. आता ड्राइव्ह काही माझ्या सासरचा नाही, त्याला माझ्यापासून लपवायचं काय कारण? इथे नक्की पाणी मुरत होतं.

म्हणून पाळी बदलायच्या आधीच मी पॅनेलच्या मागे जाऊन बसले. सकाळच्या पाळीचा ऑपरेटर, ज्याला सगळे मौनी म्हणतात, त्याने आपला शेवटचा घाणा काढला, मिक्सर धुतला आणि बंद केला. इथवर ठीक. मग हा पठ्ठ्या घरी जायचं सोडून पोती उचलायला लागला. एकेक पोतं मिक्सरमध्ये रिकामं केलं, वर द्रव सोडला, झाकण लावलं आणि फडक्याने हँडल लख्ख पुसलं. पाळी बदलून चहा होईपर्यंत ते सगळं आत थिजून दगड होणार. तो दगड फिरवायला मोटर वीज मागणार नाही तर काय करणार?

"हे काय चाललंय?" मी बाहेर येऊन विचारलं.

मौनी कानापर्यंत लाल झाला. "त्यांना पोती जड पडतात."

"तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही. पहिल्यांदा भरून ठेवलं तेव्हा त्या थँक्यू म्हणाल्या."

एका थँक्यूवर हा माणूस तेव्हापासून पोती उचलत होता. मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात नणंद आली. आम्हा दोघांना बघून आपलं बिंग फुटल्याचं तिला कळलं. "वहिनी, साहेबांना याचं नाव सांगू नकोस. मेमो मिळेल त्याला."

"आणि तुझं मशीन गेलं असतं तर?"

"गेलं असतं," ती खाली बघत म्हणाली.

जिने या मशीनसाठी कुणाची भीड ठेवली नाही, ती हे म्हणत होती. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. वेळ कशालाच नव्हता. आम्ही तिघांनी फावडी घेऊन मिक्सर उपसला. कोपरापर्यंत साबण माखला.

साहेब आले तेव्हा नणंद बटणापाशी उभी होती. तिने बटण दाबलं. मोटरने घूं केलं, वेग घेतला आणि घेतच गेली. करंटचा आकडा चढला आणि जागेवर आला. लाल दिवा लागला नाही.

"दोष काय होता?" साहेबांनी विचारलं.

"सुरू करताना आत माल राहत होता. आता राहणार नाही," मी म्हटलं. मिक्सर बाईंकडेच राहू दे म्हणून ते निघून गेले.

मौनी सवयीने पोत्याकडे वळला. नणंदेने त्याच्या हातातून पोतं काढून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि फिरत्या मिक्सरमध्ये ओतायला लागली.

"पोती माझी मी उचलीन," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्हाला थांबायचंच असेल तर नुसते थांबा."

सकाळच्या पाळीची बस गेटवर हॉर्न देऊन निघून गेली. मौनी तिथेच उभा होता.