एकोणीस उणे

उन्मेष दाबकेनं जन्मात कधी फुटबॉल खेळला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. परदेशात कनाटा नावाच्या गावी टेलिकॉम कंपनीत चौदा वर्षं इंजिनिअर, वय शेहेचाळीस, जिना चढला की धाप. पण अंगावर धडाधड कोसळण्याचा हा इथला फुटबॉल त्याच्या डोक्यात असा काही बसला होता की विचारू नका. मॅचचं रेकॉर्डिंग लावायचं, एकेका खेळाडूला निरखायचं आणि गुण मांडायचे, हा त्याचा नाद. तो नाद एका व्यावसायिक क्लबच्या ब्रेंडाबाईंच्या कानावर गेला. कॉलेजातली कुठली पोरं क्लबनं घ्यावीत हे ठरवणं त्यांच्या हाती. त्यांनी याला शनिवार-रविवारच्या कामाला घेतलं. क्लबातले बाकीचे सगळे जाडजूड मानेचे माजी खेळाडू. ते याला ‘प्रोफेसर’ म्हणायचे, आणि हा मनातून फुलून यायचा.

यंदा ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजची पोरं क्लबांनी वाटून घ्यायच्या दिवशी, ब्रेंडाला एक टाइट एंड हवा होता.

“म्हणजे काय करतो तो?” अरुणानं, त्याच्या बायकोनं, पोळ्या लाटता लाटता विचारलं.

“रांगेच्या टोकाला उभा राहून समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचं, आणि पुढच्याच खेळीत पळत जाऊन बॉलही झेलायचा.”

“हात्तिच्या! म्हणजे घरातली थोरली सून. धक्के तिनंच खायचे आणि वाढायलाही तिनंच यायचं.”

यादीत तीन पोरं होती. एक लव्हालचा एमिल, एक कॅलगरीकडचा, आणि तिसरा ग्वेल्फचा नील किरकिरे. ते नाव उन्मेषनं दोनदा वाचलं.

अठरा वर्षांपूर्वी तो या देशात उतरला, तेव्हा ना नोकरी, ना ओळख. ग्वेल्फच्या नंदकुमार किरकिऱ्यांनी त्याला आठ महिने आपल्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं होतं. पहिला फुटबॉलही त्यानं त्याच बेसमेंटमध्ये, त्यांच्याच टीव्हीवर पाहिला. त्यांचा चार वर्षांचा नील तेव्हा “काका, थ्रो!” म्हणत अंगावर यायचा. मोज्यांचा गोळा करून उन्मेष फेकायचा, आणि पोरगा सोफ्यावरून उडी मारून झेलायचा.

आता खरं म्हणजे काम एका ओळीचं होतं. ब्रेंडाला कळवायचं, हा मुलगा माझ्या घरच्यासारखा आहे, त्याला दुसऱ्या कुणाला तरी बघू दे. संपलं! पण मग फाइल हातातून जाणार. ब्रेंडानं पहिल्यांदाच अख्खी जागा त्याच्यावर सोपवली होती, आणि प्रोफेसरला ती सोडवेना. ओळख लपवली, तर उद्या कुणी म्हणेल, इंडियन पोरगा म्हणून वर काढला. तेव्हा आपल्या या शहाण्यानं काय ठरवलं? की आपण असे कडक राहू, असे कडक राहू, की बोट दाखवायला जागाच राहणार नाही. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणता कामा नये!

त्याची एक पद्धत होती. प्रत्येक खेळी तीनदा पाहायची. समोरच्याला नीट अडवलं, म्हणजे ब्लॉक केलं, तर अधिक, नाही तर उणे. शंका आली तर फायदा खेळाडूला. एमिलच्या बाबतीत त्यानं तसंच केलं, कॅलगरीवाल्याच्याही. नीलच्या बाबतीत मात्र शंका आली की उणे. हात जरासा बाहेर दिसतोय? उणे. पाय घसरल्यासारखा वाटतोय? उणे. असे एकोणीस झाले. पहिल्या चारपाच वेळा त्याचं बोट की-बोर्डवर अडखळलं, मग सवय झाली.

मार्चमध्ये व्हिडिओवर मुलाखत झाली, ब्रेंडाही होती. पडद्यावर नील आला, सहा फूट चार इंच, बापासारखेच कान. उन्मेषला घाम फुटला. आता हा ‘काका’ म्हणतो की काय! पण नील म्हणाला, “गुड मॉर्निंग, सर,” आणि ओळखीचं चिन्हही चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. उन्मेषनं सुटकेचा निःश्वास टाकला. पोराला असं का वागावंसं वाटलं असेल, हा प्रश्न काही त्याला पडला नाही.

तिघांत नील तिसरा लागला. ड्राफ्टमध्ये क्लबनं एमिलला घेतलं, आणि नीलला कुणीच घेतलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला नंदकुमारांचा फोन आला. “आम्ही कनाटातच आहोत रे. दहा मिनिटं येऊ का? काल संध्याकाळी आलो, मोटेलात उतरलोय.”

“मोटेलात? अहो नंदूदादा, घर असताना?”

“तुला अवघडायला नको म्हणून.”

बापलेक आले. नंदकुमार आता बासष्टचे, केस पांढरे, हातात सुमेधावहिनींनी दिलेला शंकरपाळ्यांचा डबा. नीलनं आल्या आल्या वाकून नमस्कार केला. उन्मेष “अरे, अरे” करत मागे सरला. अरुणा चहा ठेवायला गेली.

“स्पष्टच बोलतो,” नंदकुमार म्हणाले. “दुसऱ्या एका क्लबनं याला कॅम्पला बोलावलंय. नुसतं ट्रायलला, भरवसा काही नाही. तिकडे ग्रॅज्युएट स्कूलची जागा चालून आलीय, सोमवारी उत्तर द्यायचंय. हा म्हणतो, काकांनी माझा एकेक ब्लॉक पाहिलाय. ते नाही म्हणाले तर विषय संपला.”

“जस्ट टेल मी स्ट्रेट, काका,” नील म्हणाला. “इफ आयम नॉट गुड इनफ, आय विल स्टॉप.”

काही तरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण पोरगा टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघत होता, आणि नाही म्हणायला कारण सुचेना. त्यानं फाइल उघडली.

पहिलं उणे लागलं. नील पुढे वाकला. पडद्यावरच्या नीलनं समोरच्या भिंताडाएवढ्या माणसाला पाच पावलं मागे रेटलं होतं.

“ओके,” नील हळूच म्हणाला. “माय लेफ्ट हँड. येस, फेअर.”

दुसरं उणे. “आय वॉज टू हाय देअर.” तिसरं. “लेट. आय सी इट.”

तो वाद घालेल, चिडेल, असं उन्मेषला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं! पण पोरगा खिशातून छोटी वही काढून लिहून घेत होता. जी चूक केलीच नव्हती ती शोधत होता, आणि काकांनी म्हटलंय म्हणजे असणारच म्हणून त्याला ती सापडतही होती. शेजारी नंदकुमार मान डोलावत होते. “बघ, मी म्हटलं नव्हतं? उन्मेष उगाच नाही कापायचा.”

सातव्या उण्याला उन्मेषनं लॅपटॉप मिटला. लाजेनं त्याचे कान तापले होते.

“लिहू नकोस,” तो म्हणाला. “तुझी चूक नाहीये.”

“सॉरी?”

“हे सात, आणि पुढचे बारा. दुसऱ्या कुणाचे असते तर मी अधिक दिले असते. त्या दोघांना दिलेत. तू आपला, म्हणून... कुणी बोलू नये म्हणून मी तुला कापलं. तुला ओळखतो हेही मी क्लबला सांगितलं नाही.”

अरुणा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

नीलनं वही मिटली, पुन्हा उघडली. “सो... आय वॉज गुड?”

“तिघांत पहिला होतास.”

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तो खिडकीकडे वळला.

“वर्षभर आम्ही तुला फोन केला नाही, उन्मेष,” नंदकुमार म्हणाले. “दिवाळीलासुद्धा नाही. सुमेधा दोनदा म्हणाली, मी तिला गप्प केलं. याला बजावून ठेवलं, काका म्हणायचं नाही, सर म्हणायचं. तुझ्यावर बालंट यायला नको, एवढंच होतं आमच्या मनात.”

धरणीनं पोटात घ्यावं असं उन्मेषला वाटलं. त्यानं तिथेच, त्यांच्यासमोर ब्रेंडाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ब्रेंडानं ऐकून घेतलं. ती रेकॉर्डिंग स्वतः पाहणार होती, कॅम्पसाठी अजून एक जागा शिल्लक होती, वचन मात्र काही देत नव्हती. आणि उन्मेषनं त्याच्याकडच्या सगळ्या फाइली आजच परत पाठवायच्या होत्या. “यू आर डन हिअर,” ती म्हणाली. प्रोफेसर म्हणाली नाही.

“सोमवारी ग्रॅज्युएट स्कूलला नाही म्हणून कळव,” नंदकुमार नीलला म्हणाले. “तू कॅम्पला जातोयस, इथे नाही तर तिथे.”

चहा तसाच राहिला. दोघं दाराशी गेले, बूट घातले. लहानपणापासूनची सवय, निघताना नील नमस्काराला वाकायला लागला. नंदकुमारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“राहू दे रे,” ते म्हणाले. “उशीर होतोय.”

नील सरळ उभा राहिला आणि दार उघडून बाहेर पडला. अजून अकराही वाजले नव्हते.