फुगवट्यात सोडलेला थाळा

बोलतो, बोलतो. पेनानं टकाटका वाजवू नका. मी पितळेचा थाळा. मला भाकरी-कालवण धरायची सवय, निबंध सांगायची न्हाय. पर ह्या तुमच्या सोनमबाई. मला पिशवीतनं काढून टेबलावर ठेवलं आन म्हणाल्या, "मुलांनो, हा थाळा आपलं आत्मवृत्त सांगतोय असं समजा आणि लिहा." समजा म्हणं! समजायचं काय त्यात? इतकी वर्षं मी गप बसलो, त्यातच सगळ्यांचं भलं होतं. आता माझं तोंड उघडलंच हाय तर नीट ऐका. बाई, तुमीसुद्धा. खिडकीबाहेर बघू नका.

शाळा मी शिकलो न्हाय. मला अक्षरं येतात ती माझ्या काठावर कोरलेली तेवढीच.

मी बारामतीच्या बाजारात भांड्याच्या दुकानात होतो. ठोकून ठोकून घडवलेला, जाडजूड. आताच्या स्टीलच्या ताटांगत शिंकलं की सरकणारा न्हाय. एका सासऱ्यानं मला जावयाच्या आहेरासाठी उचललं. दुकानदाराला म्हणाला, "जावयाचं नाव घाल. खोल घाल. घासून जाता कामा न्हाय." दुकानदारानं टोच्यानं ठकठक करत नाव घातलं. दुखलं मला. पर त्या दुखण्यात मान होता.

असा मी कन्हेरीला आलो. त्या जावयाला पुढं सगळी आबा म्हणायला लागली, म्हणून मीबी आबाच म्हणतो. आबा माझ्यात जेवायचा, बाकी कुणी मला बोट लावायचं न्हाय. मी त्याला आतनं-बाहेरनं वळखतो. माणूस चारचौघांत कसा बोलतो त्यावर जाऊ नका, जेवताना कसा वागतो ते बघा. आबा आधी मीठ कमी म्हणून वरडायचा, मग सगळं पुसून खायचा, आन उठताना पुन्हा म्हणायचा, "कालवणात दम नव्हता."

त्याची बायको दगडाबाई मला घासायची. चिंच, राख आन नारळाची शेंडी. माझ्या नावाच्या खाचासुद्धा ती काडीनं कोरून साफ करायची. सून तिची चेष्टा करायची, "मामी तोंडानं मामंजींचं नाव घेत न्हाईत, काडीनं घेतात!"

घरात एक ठरलेलं होतं. नातीचं, सोनमचं, म्हंजे ह्याच तुमच्या बाईंचं, लगीन झालं की पहिल्या सणाला नवा जावई माझ्यात जेवणार. मी त्या दिवसाची वाट बघत होतो. म्हाताऱ्या भांड्याला दुसरं काय पायजे?

आन ही पोरगी लांब कुठंतरी जाऊन समिंदर शिकायला लागली. कन्हेरीची पोरगी, जिनं कॅनॉलच्या पलीकडं पाणी बघितलं न्हवतं! सुट्टीला आली की आजीला सांगत बसायची. वरनं उपग्रह फिरतात, ते समिंदराचा रंग बघतात. पाणी हिरवट दिसलं म्हंजे त्यात बारीक शेवाळ, शेवाळ तिथं मासळी. तापलेलं पाणी, गढूळ पाणी, सगळं वरनं कळतं. पर वरच्यानं सांगितलं ते खरं का खोटं, हे खाली कुणीतरी पाण्यावर जाऊन बघावं लागतं. त्यासाठी एक पांढरी जड तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. दिसंनाशी झाली की दोरी मोजायची. वरच्याची साक्ष आन खालच्याची साक्ष जुळली पायजे.

तिला समिंदरावरच्या जहाजावर जायचं होतं. महिनाभर पाण्यावर, मोठ्या लोकांसंगं. त्याआधी असली एक मोजणी स्वतःच्या हातानं करून दाखवा, म्हणाले तिचे सर. समिंदर लांब, पर उजनी धरणाचा फुगवटा, मागं तुंबलेलं पाणी, वरनंसुद्धा दिसतो एवढा मोठा. कॉलेजातली तबकडी दुसऱ्या पोरांनी नेलेली. स्टीलचं ताट पाण्यात हेलकावे खायचं. मग दगडाबाईनं फडताळातनं मला काढलं. "घे हा. तुझ्याच नवऱ्याला वाढणार हुते, त्यापरीस तुझ्या कामी येऊ दे."

मला कुणी इचारलं? फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊन माझ्या पोटात भोक पाडलं. भोक पडलेल्या भांड्यात कुणी जेवत न्हाय, पोरांनो. तिथंच माझा मान संपला. पर एक सांगतो, पोरीनं पितळेचा कीस फुंकून काढला, माझ्यावर डोकं टेकलं आन म्हणाली, "चुकलं रे बाबा." मग काठासकट मला पांढरा रंग दिला.

सांजच्याला आबानं बघितलं आन घर डोक्यावर घेतलं.

"आता मी कशात जेवू? तळहातावर?"

"आबा, नवा आणते की तुमाला."

"आभाळातनं समिंदर बघणारं यंतर तुमचं, आन ते खोटं बोलतंय का बघायला माझा जेवायचा थाळा? वा गं शाणे!"

"एकदा जमू द्या आबा. मला जहाजावर जायचंय."

आबानं मला उलटापालटा करून बघितलं. मग म्हणाला, "एकदाच. जमलं तर जा. न्हाय जमलं तर वालचंदनगरच्या पाहुण्यांना लग्नाला व्हय म्हणायचं. आन मी संगं येणार, माझ्या डोळ्यांनी बघणार."

पोरगी कबूल झाली. तिनं दिवस काढला, ज्या दुपारी उपग्रह बरोबर आपल्या डोक्यावरनं जाणार आन आभाळ मोकळं असणार तो.

आता दगडाबाईचं ऐका. आदल्या दिवशी तिनं मला बघितलं, पांढराफटक. रंग कशासाठी दिलाय ते म्हातारी इसरली. तिला वाटलं, पोरगी चार लोकांत चाललीय, भांडं असलं माखलेलं कसं न्यायचं? हातानं इमान सोडलं न्हाय. चिंच, राख, शेंडी. रंगाचा कण ठेवला न्हाय म्हातारीनं. अक्षरांतला रंगसुद्धा काडीनं कोरून काढला. लखलखीत करून मला फडक्यात गुंडाळलं आन पिशवीत घातलं.

सकाळी भिगवणला उतरल्यावर आबा टपरीवर थांबला. मी पिशवीतनं ऐकलं, "तंबाखूची एक पुडी दे, आन चुन्याची डबी भरून दे. काठोकाठ भर."

फुगवट्यावर सोनबाची होडी ठरवलेली. शहरातनं येणाऱ्यांना पक्षी दाखवायचा तो. मधोमध गेल्यावर पोरीनं फडकं सोडलं, आन तिचं तोंड पांढरं पडलं. मी न्हवतो, एवढंच.

"आज्जी!" एवढंच म्हणाली. सोनबा हसला, "लगीन हाय काय थाळ्याचं?"

पोरगी लई हुशार. लगेच म्हणाली, "चुना! चुना हाय का कुणाकडं? पांढरा लेप दिला तरी भागंल. सोनबाकाका?"

"दातांनी सोडायला लावली गं तंबाखू. बायकुनं सांगून सोडली न्हवती."

"आबा? तुमच्याकडं असंल."

आबानं होडीच्या काठाला धरलेला एक हात सोडला. बंडीच्या खिशावर ठेवला. मी तिच्या मांडीवर होतो, समोर बघत होतो. खिशात डबी गोल दिसत होती.

"संपला," आबा म्हणाला.

पोरीनं त्याच्यावर इस्वास ठेवला. का न ठेवावा? आबा हाय तिचा.

उपग्रहाची येळ झाली. तिनं मला तसंच पाण्यात सोडलं. हिरवंगार पाणी, डाळीच्या पाण्यागत दाट. मी पिवळा, पाणी हिरवं. मी लवकरच दिसंनासा झालो, पांढरा आसतो तर आणखी खोल दिसलो आसतो. वर ती वाकून बघत होती, मला तिचं तोंड दिसंना, तिला मी दिसंना. एवढं थंड मला कधी वाटलं न्हाय. वरचा खरं सांगून गेला आसंल. खालचा मी खोटा ठरलो.

पोरीनं लबाडी केली असती तर कुणाला कळलं असतं? पर तिनं सरांना खरं लिहिलं, रंग निघाला होता म्हणून. मोजणी धरली न्हाय. मग ढग आले, पुन्हा मोजणी झाली न्हाय, आन जहाज तिच्याबिगर गेलं.

काठाला लागल्यावर ती सोनबाला होडी वढू लागायला गेली. आबा बाभळीखाली बसला, मला शेजारी ठेवलं. इकडं तिकडं बघितलं आन डबी काढली. तंबाखू मळली. बोटाला चुना जास्त झाला. माणसं उरलेला चुना भिंतीला पुसतात, खांबाला पुसतात. आबानं माझ्या काठाला पुसला. बरोबर नावावर. म्हणाला, "समिंदरात गेलेली पोर माघारी येती व्हय?" मला म्हणाला का स्वतःला, ठाऊक न्हाय. त्यानं समिंदर जल्मात बघितला न्हाय. भ्याला आसंल. भ्याला म्हणून काय खोटं बोलायचं? "मला भ्या वाटतंय" म्हणायला डबीएवढीबी जागा लागत न्हाय.

दगडाबाईला कळलं तवा ती माझ्यापुढं बसून रडली. "चुकलं माझं. पुन्हा तुला घासायची न्हाय," म्हणाली. शब्द पाळलाय तिनं. म्हणून मी असा काळपट पडलोय.

सोनमचं लगीन झालं, हितं वालचंदनगरला. नवरा बरा हाय, स्टीलच्या ताटात जेवतो. तुमची बाई मला पिशवीतनं वर्गात आणते, तुमाला समिंदराचा धडा शिकवताना वर धरते आन म्हणते, "यानं पाणी मोजतात." कुठल्या कुठल्या समिंदराची नावं घेते! एकाचीबी लाट तिनं बघितली न्हाय.

बाई, माझ्या काठावरची पांढरी अक्षरं बघता ना तुमी? तुमाला वाटतं तुमच्या रंगाचा उरलासुरला हाय. नखानं खरवडून बघा. चुना हाय त्यो.

भोकाची माफी तुमी मागितली. घासल्याची आजीनं मागितली. ज्यानं मला खोटा साक्षीदार केलं, तो कन्हेरीत ओट्यावर बसलाय, अजून तंबाखू मळतोय. तुमच्यासंगं मी तिकडं गेलो की तोंड फिरवतो. मला त्याच्याकडनं दुसरं काय नको, एक "चुकलं" पायजे. आन ते तुमच्यासमोर म्हणलेलं पायजे.

नाव सासऱ्यानं खोल घातलंय, घासून जाणार न्हाय. पोरांनो, जवळ या. वाचा, मोठ्यानं वाचा, बाईंना ऐकू जाऊ द्या: हिंदुराव.