पिसवांचं बारसं

मी फणी बोलतेय. कंगवा नव्हे, फणी. कंगव्याने भांग पाडावा आणि खिशात मिरवावं. माझं काम शोधून काढायचं. मला दोन्ही बाजूंना दात, आणि ते इतके दाट की ऊ सोडाच, लीखसुद्धा निसटत नाही. स्वतःचीच टिमकी वाजवते म्हणाल, पण खरं ते खरं.

मी शिसवाची. गावच्या जत्रेत मालनच्या आईने मला घेतलं आणि लेकीच्या लग्नात तिच्या ट्रंकेत टाकलं. तशी मी कोकणातून जोगेश्वरीच्या चाळीत, मालन आणि दशरथच्या खोलीत आले. त्यांची एकुलती एक लेक कुंदा शाळेतून डोकं भरून उवा आणायची. मालन तिला गॅलरीत गुडघ्यांत धरून बसायची, पोरगी कोकलायची आणि मी आपलं काम फत्ते करायची. मग शेजारणी मला मागून न्यायच्या.

कुंदा लग्न होऊन मुलुंडला गेली आणि माझी रवानगी फळीवर, पिठाच्या डब्यामागे झाली. माणसांचं हे असंच. गरज सरो, वैद्य मरो.

मालनचंही घर ओकंबोकं झालं. दशरथची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. तो अंधेरीला एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन झाला आणि दिवसा खाटेवर झोपू लागला. मालनला बोलायला उरली एकटी ठमी. पांढरी-पिवळी मांजर, वागणं राणीसाहेबांचं. भाजी निवडता निवडता मालन तिला घरातलं सगळं सांगायची आणि ठमी डोळे मिटून ऐकायची.

पुढे कुंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. मालनने जुन्या मऊ लुगड्यांचं एक गाठोडं बांधलं, बाळाच्या दुपट्यांसाठी. पण बाळ जन्माला येईपर्यंत त्याची गाठ सोडायची नाही, अशी तिची रीत होती. आईकडून आलेली. गाठोडं खाटेखाली गेलं, आणि उंदरांनी कुरतडू नये म्हणून तिने ठमीलाच त्यावर बसवलं. "बस हितं. राखण कर," म्हणाली. ठमीला काय, आयती गादी मिळाली.

आणि मग घरात पिसवा झाल्या. ठमी पायाने मान खाजवून खाजवून बेजार. दशरथ दिवसा झोपायचा, त्याच्या पायांवर लाल गांधी उठल्या. शेजारच्या द्रौपदीने ढेकणांचं औषध आणून दिलं.

"हे फवार. एका दिवसात साफ."

"नको गं. मांजर अंग चाटतं. पिसवांआधी तीच जायची."

असं म्हणून मालनने पिठाच्या डब्यामागे हात घातला. आली का आठवण!

साबणाच्या पाण्याची वाटी शेजारी ठेवून ती ठमीला मांडीवर घ्यायची. हनुवटीखाली, कानामागे, शेपटीच्या बुडाशी मला फिरवायची आणि लगेच वाटीत बुडवायची. पिसू उडी मारण्यात हुशार, पण साबणाच्या पाण्यात तिची काही डाळ शिजत नाही. माझ्या दातांत बारीक काळे कणही यायचे. ओल्या फडक्यावर पुसले की ते लाल व्हायचे. ते ठमीचं रक्त, पिसवांनी पिऊन टाकलेलं. मालन ते बघून कळवळायची.

ठमीचं अंग मी लख्ख करून द्यायची, आणि दोन दिवसांत पिसवा पुन्हा हजर. मालनने चादरी उकळल्या, गोधड्या वाळवल्या, फरशी गरम पाण्याने धुतली. पण पिसवा काही हटेनात. माझ्या कामात खोट नव्हती हो! मी असलेल्या पिसवा काढत होते, नव्या कुठून येत होत्या ते मला कोणी विचारत नव्हतं.

कुंदाचं यायचं ठरलं तेव्हा दशरथ खाटेवर उठून बसला.

"मालन, उद्या ठमीक मढाक, कोळीवाड्यात सोडून येतंय. कोळणी मासे घालतील, उपाशी नाय मरूची."

"अहो, ती घरातली आहे."

"आणि येतला ता पोर कोणाचा? त्येका पिसवा चावल्या तर?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मालनच्या मांडीवर ठमी होती, हातात मी. तिने ठमीला घट्ट धरलं, ठमीने झटका दिला, आणि मी हातातून सुटून थेट खाटेखाली, गाठोड्याच्या घडीत जाऊन पडले.

आणि काय सांगू, शत्रूच्या माहेरीच पोचले की मी! ठमीच्या अंगावरून घरंगळलेली अंडी, वळवळणाऱ्या अळ्या, काळे कण, सगळा गोतावळा त्या मऊ लुगड्यांत सुखाने नांदत होता. घरातलं सगळं धुतलं गेलं होतं, फक्त या गाठोड्याला कोणी हात लावला नव्हता.

सकाळी दशरथ अजून ड्युटीवर होता. मला शोधायला मालनने गाठोडं ओढलं. मी सापडले, आणि माझ्याबरोबर पांढऱ्या लुगड्यावरचे काळे कण. तिने ओलं बोट टेकवलं. बोट लाल झालं.

तिचा हात गाठीवर गेला आणि तिथेच अडला. आईची रीत मोडणं काही सोपं नव्हतं. मग स्वतःशीच म्हणाली, "बाळाला काय पिसवांवर निजवू?" आणि तिने गाठ सोडली.

दशरथ घरी आला तेव्हा स्टोव्हवर सोड्याच्या पाण्यात लुगडी उकळत होती. त्याच्या हातात ठमीला न्यायला आणलेली पिशवी होती.

"गाठोडा सोडलंस?"

"सोडलं. पिसवा आधीच बारशाला जमल्या होत्या."

त्याने उकळत्या पातेल्यात डोकावून बघितलं, पिशवीची घडी केली आणि खुंटीला अडकवली. "कुंदा येईपर्यंत बघूया," एवढंच म्हणाला. फरशीच्या फटींतल्या उरल्यासुरल्या पिसवांचा निकाल पुढे मी लावला, रोजच्या रोज.

कुंदाला मुलगी झाली. विहीणबाई बघायला आल्या आणि उंबऱ्यावरच्या ठमीकडे बघून नाक मुरडून म्हणाल्या, "बाळंतिणीच्या घरात मांजर? पिसवा होतात हो."

मालनचा चेहरा उतरला. दशरथ मात्र उठला, त्याने मला फळीवरून काढलं, ठमीला मांडीवर घेतलं. हनुवटीखालून, कानामागून, शेपटीच्या बुडाशी मला फिरवलं आणि आपल्या पांढऱ्या रुमालावर झटकलं. रुमालावर ठमीचे दोन केस, बस्स.

"विहीणबाई, आमचं मांजर आहे ते," तो म्हणाला. "हवं तर तुम्हीच बघा."

मालनने पदराने डोळे टिपले आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

आता माझे तीन दात पडलेत. माणसांच्या केसांना मला कोणी लावत नाही, पण दर रविवारी दशरथच ठमीला घेऊन गॅलरीत बसतो. माझं म्हणणं इतकंच, बाबांनो: मांजराला पिशवीत घालण्याआधी ते निजतं कुठे ते एकदा बघा. आणि तिथली गाठ सोडायला घाबरू नका.