थापडेची साडी

दौंडच्या मैदानावर करिश्मानं सविता मॅडमच्या मुस्काटात मारली, ती शेकडो लोकांनी पाहिली. मोबाइलमध्ये मात्र ती एकाच्याही आली नाही, कारण शेवटची शिट्टी झाल्याझाल्या सगळ्यांचे मोबाइल जिंकलेल्या पोरींकडं वळले होते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं असं काही घडलंच नाही असं ठरलं, म्हणून.

सामना होता शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मुलींच्या कबड्डीचा, अंतिम. शिरूरच्या पोरी एका गुणानं मागं आणि शेवटची चढाई करिश्माची. दौंडच्या दोघींनी तिचा घोटा धरला, तिसरी पाठीवर पडली, आणि करिश्मा त्या तिघींना घेऊन मातीतून मध्यरेषेकडं सरकत आली. हात लांब केला. बोट रेषेला टेकलं असतं तर कप शिरूरला. रेषेवर पंच म्हणून सविता मॅडम वाकून उभ्या होत्या. बोट टेकलं नाही. त्यांनी शिट्टी मारली, हात वर केला, चढाईपटू बाद.

सविता मॅडम शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याच्या आणि करिश्माही तिथलीच, त्यांच्याच हाताखाली शाळेत सहावीपासून घडलेली. मग अशा सामन्याला त्या पंच कशा, असं दौंडच्या कुणी विचारलं नव्हतं. या बाईची शिट्टी कुणाचीच नाही, एवढं दोन्ही तालुक्यांना माहीत होतं. त्या कमावलेल्या नावापलीकडं सविताकडं मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि तिला ते पुरतही होतं.

करिश्मा उठली, अंगावरची माती न झटकता दोन पावलं पुढं आली आणि तिनं लगावली. आवाज मंडपापर्यंत गेला. सविता रडली नाही. गालाला हातसुद्धा न लावता स्पर्धेच्या प्रमुखांना तिनं सगळ्यांसमक्ष सांगितलं, "या खेळाडूनं पंचावर हात उचललाय. नोंद घ्या."

पंचावर हात उचलला की संघटनेचा नियम साफ होता. दोन वर्षं बंदी. दिवाळीनंतर रेल्वेची खेळाडू भरती होती आणि वयाच्या अटीनं करिश्माचं त्या भरतीचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे दोन वर्षांची बंदी कागदावर दोन वर्षांची, खरी जन्माची.

चार दिवसांत आण्णांचा निरोप आला, घरी येऊन जा. आण्णा म्हणजे तालुक्यातले सगळ्यात जुने पंच. वडील गेल्यावर सविताचा खेळ सुटला, तेव्हा तिच्या हातात शिट्टी देऊन पुन्हा मैदानात आणलं ते यांनीच. शिस्तीची चौकशी करणाऱ्या समितीतही ते होते. सविता गेली तर ओसरीवर करिश्माची आई मुक्ताबाई बसलेली, मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी. करिश्मा भिंतीला टेकून अंगठ्यानं मोबाइल वर सरकवत होती.

"मॅडम, पोरीचं वाटोळं करू नका," मुक्ताबाईनं सुरुवातच तिथून केली. "रेल्वेत लागली तर दौंडला कॉटर मिळंल. आमच्या खानदानात पगाराची पहिली बाई व्हईल ती."

"हात उचलला का न्हाई तिनं?" सविता म्हणाली.

"उचलला. मी कवा न्हाई म्हणती? घरी न्हेऊन झोडपली मी तिला. पर एका थापडंला दोन वर्सं? माझ्या दिराच्या ट्रॅक्टरखाली माणूस घावला, तवा डायव्हरचा जामीन आठवड्यात झाला. खेळाचा न्याय कोर्टापरीस कडू असतो व्हय?"

मुक्ताबाईचा दीर म्हणजे मारुतराव, सोसायटीचा चेअरमन. स्पर्धेचा मंडप आणि जेवण त्याचंच होतं. पण मुक्ताबाईचा प्रश्न खोटा नव्हता आणि तो सविताला लागला. दोन वर्षं तिलाही जास्तच वाटत होती. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. नियमात मधलं काही नव्हतंच.

तिला भांडगावचा हृतिक आठवला. गेल्या साली त्यानं एका पंचाला लाथ घातली होती. समितीनं विचारलं तेव्हा पोरगं उभं राहून सरळ म्हणालं, "मारली. राग आला व्हता." सविता साक्षीला होती, तिनंही पाहिलं तेच सांगितलं. दोन वर्षं बसली त्याला. आता तो हायवेवरच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांना जेवण वाढतो. त्याच्या वेळी दोन वर्षं जास्त आहेत हे सविताच्या मनात आलं नव्हतं. आपल्या हाताखालची पोर समोर आली आणि नियम लगेच कडक वाटू लागला. माणसाचं असं असतं आणि सविताही माणूसच होती.

"हे बघ सविता," आण्णा म्हणाले, "झटापटीत हात उडतोच. चुकून लागला म्हन. तुझ्या शब्दापुढं समितीत कोन बोलतंय? आन् मी हाय ना तिथं बसलेला."

"आण्णा, मी सगळ्यांसमक्ष सांगितलंय, मारलं म्हणून."

"रागात मानूस बोलतंय. मोठं मन कर. पोर तुझीच हाय."

करिश्मानं मोबाइल खाली ठेवला आणि येऊन पाय धरले. "चुकलं मॅडम." ती वाकली तेव्हा कोपरावरचा जुना व्रण दिसला. आठवीत असताना पत्र्यावर पडली होती. तिला मागं बसवून सविताच मोटारसायकलवरून शिरूरच्या दवाखान्यात गेली होती आणि टाके घालताना पोरीनं तिचाच दंड चावला होता. ते आठवलं आणि सविता विरघळली. इथं तिनं घट्ट राहायला हवं होतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मांडीवर कुणाचं पोर कधी रडलेलं नसावं.

तिचा चेहरा सैल पडलेला पाहून मुक्ताबाईनं वेळ घालवला नाही. हळदीकुंकू लावलं, पिशवीतून साडी काढली. आमसुली रंगाची, हिरव्या काठाची. वर खण, नारळ आणि गहू. "पदर पसरा मॅडम."

ओटीला नको म्हणत नाहीत. सवाष्ण बाईनं भरलेली ओटी परत करायची नसते, आणि एकदा पदरात घेतली की मनात काही ठेवायचं नसतं, असंच सगळ्या बायका धरून चालतात. सविताही तसंच धरून चालली. तिनं पदर पसरला.

घरी नवऱ्यानं साडी पाहिली, सगळं ऐकून घेतलं. तो कंपनीतून शिफ्ट करून आलेला, दमलेला. "थोबाडीत बी तूच खायची आन् मन बी तूच मोठं करायचं," एवढंच बोलला आणि जेवायला बसला.

शिरूरच्या एका हॉलमध्ये समिती बसली. टेबलामागं पाच जण, मधोमध अध्यक्ष, त्यांच्या शेजारी आण्णा, प्रत्येकापुढं चहा. मारुतराव मागच्या खुर्चीत, त्याचा काय संबंध हे कुणी विचारलं नाही. सविताला आधी उभं केलं.

जन्मात मैदानावर तिनं खोटी खूण केली नव्हती. तरी ती बोलली. "सामना संपताना झटापट होती. खेळाडूचा हात मला चुकून लागला. त्या वेळी मला मारल्यासारखं वाटलं. माझी तक्रार नाही."

ती खाली बसली आणि तिला हलकं वाटलं. करिश्माकडं पाहून ती थोडी हसलीसुद्धा. करिश्मानं तिच्याकडं पाहिलं नाही. अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, खेळाडूला काही सांगायचंय का. करिश्मा उठली. पाठ करून आलेल्या पोरी जशा एका दमात बोलतात तशी बोलली.

"मॅडम म्हणतात ते बरोबर आहे. हात चुकून लागला. पण त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर मला मारकुटी ठरवलं. ज्यांना गालावर लागलेला हात चुकून लागला का मारला हे कळलं नाही, त्यांना वीतभर लांबचं माझं बोट रेषेला लागलं का नाही हे कसं कळलं? बोट लागलं होतं. निकाल चुकीचा होता. माझी मागणी आहे की अशा पंचांना पंच म्हणून ठेवू नये."

सविताला आधी वाटलं, पोर भांबावली, चुकीचं बोलून बसली. मग मागच्या खुर्चीतला मारुतराव मान हलवताना दिसला आणि तिला सगळा डाव कळला. खोटं तिच्याकडून वदवून घेतलं होतं आणि आता तेच तिच्या गळ्याला लावलं होतं. केसानं गळा कापला म्हणतात तो असा, मायेनं मागून, ओटी भरून.

"आण्णा," ती उठून म्हणाली, "तुम्ही सांगा ना. तुम्हीच मला म्हणालात—"

आण्णा कपातल्या चहाकडं बघत होते. "मॅडम," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तिला मॅडम म्हणाले. "समितीपुढं घरगुती गोष्टी काढू नयेत."

निर्णय अर्ध्या तासात झाला. खेळाडू निर्दोष. कप देऊन झाला होता म्हणून सामन्याचा निकाल तसाच ठेवला. पंचांनी एकाच घटनेबद्दल दोन वेळा दोन गोष्टी सांगितल्या, त्यामुळं पुढचा आदेश येईपर्यंत त्यांना एकाही सामन्याला नेमू नये. बाजूनं पाच हात वर झाले. त्यातला एक आण्णांचा.

बाहेर चपला घालताना सवितानं त्यांना गाठलं. "का आण्णा?"

"अगं, फुडल्या सालची स्पर्धा मारुतरावानं अंगावर घेतलीया. पोरीवर डाग राहिला असता तर तो हटला असता." आण्णा इकडंतिकडं बघत होते. "तुझं काय, शाळंची नोकरी हाय, पगार हाय. शिट्टीवाचून काय अडतंय तुझं?"

शिट्टीवाचून काय अडतंय, हे ज्यानं शिट्टी दिली त्यानं विचारावं. सविताला वाटलं होतं की ती चिडेल, चार शब्द सुनावेल. तसलं काही झालं नाही. तिला फक्त खूप लाज वाटली, आपल्या नव्हे त्यांच्या वागण्याची, आणि मांडवगणपर्यंत ती गाडीवर त्या लाजेतच आली. वाटेत हृतिकची आठवण तिनं बळंच बाजूला सारली, पण ती सरेना. पोरगं खरं बोललं आणि दोन वर्षं भोगतंय. त्याच्या आईकडं साडी नव्हती आणि चेअरमन दीरही नव्हता.

दिवाळी झाली. करिश्माची निवड झाल्याचं गावाला फटाक्यांवरून कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सविता पोरींचा सराव घेत होती तेव्हा मारुतरावाची गाडी फाटकाशी थांबली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन मुक्ताबाई उतरली, मागून रेल्वेचा नवा टी-शर्ट घातलेली करिश्मा. पोरींनी गराडा घातला. मुक्ताबाईनं प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवला, सविताच्या हातावर दोन.

"मॅडम, तुमच्या आशीर्वादानं झालं हो सगळं."

ती हे मनापासून म्हणत होती. सवितानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि तिची खात्री पटली. ही बाई समितीच्या दिवशी हॉलमध्ये नव्हती. आत काय झालं ते तिला कुणी सांगितलंही नसावं.

"थांबा मुक्ताबाई," सविता म्हणाली. "माझ्या दारावरनं मोकळ्या पदरानं जाऊ नका."

तिचं घर मैदानाला लागूनच. ती गेली आणि हळदीकुंकवाची कोयरी, नारळ, गहू नि एक पिशवी घेऊन आली. पोरी गोल करून उभ्या. मुक्ताबाईनं हौसेनं कुंकू लावून घेतलं, पदर पसरला. सवितानं पदरात साडी ठेवली. आमसुली, हिरव्या काठाची, घडी न मोडलेली, दुकानाचा स्टिकर तसाच. वर तोच खण. मग नारळ, मग ओंजळभर गहू.

मुक्ताबाईचं हसू गेलं. "मॅडम, ही तर मीच तुम्हाला..."

"व्हय, तुमचीच. करिश्मानं माझ्या मुस्काटात मारली म्हणून तुम्ही भरली होती. करिश्मानं समितीला सांगितलं, मारलंच न्हाई. वर सांगितलं, तिचं बोट रेषेला लागलं होतं, मॅडमला दिसत न्हाई, मॅडमची शिट्टी काढून घ्या. ती घेतली काढून. मग थापडच पडली न्हाई, तर थापडेची साडी माझ्याकडं कशी ठेवू?"

पोरींतल्या निम्म्यांना हे माहीत नव्हतं. मुक्ताबाई पदर धरून तशीच उभी राहिली. ओटी टाकता येत नाही, परत करता येत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, मिटलं होतं ना आपलं," करिश्मा म्हणाली.

"तुझ्यामाझ्यातलं मिटवायला मी खोटं बोलले. ती माझी चूक, ती मी भोगतीय." सविता तिच्याकडं वळली. "तू मारलंस त्याचं एवढं दुखलं न्हाई, करिश्मा. रागात मारलंस. पण नंतर शांत डोक्यानं, पाठ करून आलीस, ते मला गिळवत न्हाई."

करिश्मा पायाखालच्या चुन्याच्या फक्कीच्या रेषेकडं बघत राहिली. मुक्ताबाई लेकीकडं वळली. हात पदरात अडकलेले, म्हणून नुसतं तोंड तिच्याजवळ नेलं.

"खरं सांग मला. बोट लागलं हुतं का तुझं?"

सगळ्या पोरी करिश्माच्याच तोंडाकडं बघत होत्या, पेढा हातात धरून.

"आई, चल," ती म्हणाली. "झाली ना निवड आता."

ती गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली. मुक्ताबाईला पदरातली साडी सांभाळत, नारळ पडू न देता फाटकापर्यंत एकटीलाच चालत जावं लागलं.